घर डोर्कसला, उशी ओबेदकाकाला

मी, सायलस थ्वेट, वय वर्षे चोवीस, धंदा जोडे शिवण्याचा, राहणार केंडलजवळचे क्रुकफेल गाव, डोके ताळ्यावर असताना आणि कोणी दटावलेले नसताना हा मृत्युपत्राचा कागद लिहीत आहे. शपथेवर लिहीत नाही. आम्ही मित्रमंडळ नावाच्या ख्रिस्ती पंथातले लोक शपथ घेत नाही. खरे बोलायला वेगळी तयारी लागू नये, असे आमचे म्हणणे आहे.

कारण असे. बारा दिवस माझी छाती धडधडते आहे. डॉक्टर म्हणाला, "तुला काही झालेलं नाही. चहा कमी पी." माझे वडीलही ठणठणीत होते आणि एकतिसाव्या वर्षी जोड्याची टाच ठोकता ठोकता गेले. डॉक्टरचे मत मी इथे नोंदवतो, पण मानत नाही.

कलम पहिले. माझे राहते घर, मागच्या गोठ्यासह, डोर्कस व्हिटवेल हिला द्यावे. ती माझी पत्नी नाही. ती पत्नी का नाही, हे लिहिणे भाग आहे, नाहीतर कोर्टात लोक भलतेच समजतील.

या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे लग्न होते. आमच्यात पाद्री नसतो. सगळे गप्प बसतात, मग नवरा उठतो, नवरीचा हात धरतो आणि चारचौघांत तिला पत्नी म्हणून स्वीकारल्याचे एक वाक्य बोलतो. त्यानंतर ती बोलते. गोठ्यात गायीसमोर सराव करताना ते वाक्य मी एकदाही चुकलो नव्हतो. सभागृहात मात्र मला उठता येईना. डोर्कसने तीनदा बाही ओढली. पाऊण तास गेला. समोरच्या बाकावर आमचे ज्येष्ठ, माझे चुलते ओबेद थ्वेट, झोपले होते. ते दचकून जागे झाले आणि त्यांनी शेजाऱ्याशी हात मिळवला. ज्येष्ठांनी हात मिळवला की सभा संपते. ती संपली. लोक उठले, आमच्या घरी आले आणि मटणाची पाई खाऊन गेले. आम्हीही खाल्ली. कोणी काही बोलले नाही. न बोलण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

डोर्कसने लग्नासाठी मुलींच्या शाळेतली जागा सोडली होती. तिथे दुसरी बाई आली. आता तिला ना शाळा, ना नवरा. मी असाच मेलो तर कायद्याने घर ओबेदकाकाला जाते. म्हणून हे कलम पहिले.

कलम दुसरे. ओबेदकाकाला माझी पिसांची उशी द्यावी. मी त्याला विचारले होते, "काका, तू झोपला होतास ना?"

"मी अंतर्मुख होतो."

"घोरत होतास तू."

"आत्मा कधी कधी नाकातून बोलतो, पोरा. आणि तू पाऊण तास काय अंडी उबवत होतास?"

हा शेवटचा प्रश्न रास्त आहे. तरी उशीच द्यावी.

कलम तिसरे. आई, टॅमर थ्वेट, हिने खालच्या खोलीत हयातभर राहावे. चूल तिची. डोर्कसच्या टोपीचे बंद साधेपणाला शोभतील इतके अरुंद आहेत की नाही, हे मोजणे मात्र तिने थांबवावे.

कलम चौथे. चामडे कापायची रापी, भोके पाडायच्या दोन्ही आऱ्या आणि सगळी कलबुते, म्हणजे पायांचे लाकडी साचे, शिकाऊ कारागिरांसाठी मंडळाला. ओबेदकाकाच्या पायाचे कलबूत सरपणात घालावे. त्यावर केलेला प्रत्येक जोडा त्याला सैलच वाटला आहे.

कलम पाचवे. मला पुरताना थडग्यावर दगड नको. आमच्यात तो नसतोच. शांतता मात्र पूर्ण पाळावी, आणि त्या वेळी ओबेदकाकाला मागे उभे करावे. नाहीतर मी खड्ड्यात उतरण्याआधीच लोक जेवायला जातील.

इथवर लिहून वकील जॉन पिकथॉल याला दाखवले. तो आमच्यातला नाही. आम्ही सगळ्यांना तू म्हणतो आणि वार आकड्यांनी मोजतो, हे त्याला अजून झेपत नाही.

त्याने विचारले, "लग्न पुन्हा कधी ठेवलंय?"

"परवा. पाचव्या दिवशी."

"म्हणजे गुरुवारी. अहो, लग्न झालं की आधी केलेलं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. दोन दिवसांसाठी कशाला हा खटाटोप?"

डोर्कस दारापाशी होती. ती म्हणाली, "करू दे त्याला, जॉन पिकथॉल. घर लिहून देणं त्याला बोलण्यापेक्षा सोपं जातंय." मग माझ्याकडे वळली. "सायलस, परवा मी बाही ओढणार नाही. उठायचं असेल तर ऊठ."

म्हणून कलम सहावे आणि शेवटचे. पाचव्या दिवशी दुपारी हा कागद रद्द झालेला असावा, हीच माझी इच्छा. तो तेव्हाही लागू असेल तर मी मेलेला तरी असेन किंवा बसून राहिलेला तरी. मेलो असेन तर घर वर लिहिल्याप्रमाणे. बसून राहिलो असेन तर घर त्याच दिवशी, जिवंतपणी, तिच्या नावे करून देईन आणि आईला घेऊन ओबेदकाकाकडे राहायला जाईन. हे आईला आणि काकाला वाचून दाखवले आहे. दोघांनीही मला उठण्याचा आग्रह केला आहे.

सही: सायलस थ्वेट

आम्हा दोघांसमोर सही केली, अक्षर वाचता येते:
इलाय बेन्सन, सुतार
हॅना रिग, सुईण

क्रुकफेल, तिसऱ्या महिन्याचा चौदावा दिवस, १८४३