दोन थेंबांच्या पुढे

सोमवार, ३
नवी विटी, नवं राज्य! प्रयोगशाळेत खिडकीजवळचं टेबल, फिरती खुर्ची, चहाचा स्वतःचा कप. यंत्रात केसाएवढी बारीक काचेची नळी आहे. द्रावक तिच्यातून नमुना वाहून नेतो, घटक मागेपुढे बाहेर पडतात आणि कागदावर एकेक शिखर उमटतं. द्रावकात अल्कोहोलचे दोन थेंब टाकले की एकमेकांना चिकटलेले घटक सुटे होतात. इथल्या जुन्या तंत्रज्ञकाकांनी बजावलं, दोनच टाकायचे, अति तिथे माती. इथल्या पद्धतीप्रमाणे सरावाला मी स्वतःचंच रक्त दिलं. घरी चिमणीला, माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, सगळं रंगवून सांगितलं. आम्ही दोघीच आहोत; ही नोकरी टिकायलाच हवी.

बुधवार, ५
या चाचणीत माझ्या रक्ताचं एकच शिखर यायला हवं, तर त्याला बाजूला कुबड! काका म्हणाले, राहू दे, सगळ्यांनाच असतं. मी कसली ऐकतेय! चार थेंब टाकले. दोन स्वच्छ शिखरं, मध्ये दोन मिनिटांचं अंतर. साहेबांनी पाठ थोपटली, अंगावर मूठभर मांस चढलं.
घरी चिमणी विचारत होती, मी दोनदा बेल का वाजवली. काहीतरीच हिचं!

शुक्रवार, ७
आठ थेंब. अंतर वीस मिनिटं. शेजारच्या मावशींकडून चिमणीला आणायला गेले तर त्या म्हणाल्या, मघाशीच नेलीस की. धावत घरी. चिमणी एकटीच जेवत होती. केसांची नवी वेणी. म्हणाली, तूच तर घातलीस.

शनिवार, ८
आज सुट्टी; काकांच्या घरी जाऊन सांगितलं. ते पांढरेफटक पडले. म्हणाले, तुझ्याआधी या टेबलावर बसणारीनेही असंच केलं होतं. तिच्या घरच्यांना अजून वाटतं, ती घरीच आहे. उपाय एकच: एकही थेंब न टाकता तेच रक्त पुन्हा सोडायचं, म्हणजे दोन्ही शिखरं, आणि दोन्ही मी, परत एक होतील. माझ्या रक्ताची कुपी प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये आहे. सोमवारी पहिलं काम हेच.

सोमवार, १०
पहारेकरी म्हणाला, मॅडम, वीस मिनिटांपूर्वीच आलात की, आणि गेलातही. कुपी रिकामी. यंत्र चालू. द्रावकाच्या बाटलीवर माझ्याच अक्षरात — वीस थेंब. कागदावर पहिलं शिखर उमटलंय. दुसरं, माझं — अजून नाही —

घराबाहेर, जिन्यात बसलेय. मावशी म्हणतात, चिमणीला नेलीस. दार आतून बंद. चिमणी हसतेय. मी ओरडले, चिमणे, उघड गं, मी आई — हसणं थांबलं. दाराशी आली. आत कुणाला तरी विचारतेय, आई, बाहेर कोण बाई आहे — आणि माझाच आवाज तिला सांगतोय की