सपाट रस्त्यावरचा भारा

पुणे, ता. ८ नोव्हेंबर १९८१

अब्बांना मुनीराचा सलाम वि. वि.

इथे इलाहीमामूंच्या घरी सगळे बरे आहेत. मामीच्या हातच्या भाकरी खाऊन मी जाड झालेय, असं मामू म्हणतात. तिकडे भातकापणीत तुम्हाला मान वर करायला फुरसत नसेल, तरी एवढं वाचाच.

सोबत कॉलेजचा एक अर्ज आहे. त्यावर सही करू नका. आधी ऐका, मग हवं तेवढं रागवा.

फिजिक्सच्या सरांनी घरी गणित दिलं होतं. एक बाई डोक्यावर पंचवीस किलोचा भारा घेऊन सपाट रस्त्याने चालते, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ती किती काम करते? उत्तर शून्य. मी काय केलं, अम्माला डोळ्यांपुढे आणलं आणि आपल्या खाचरापासून खळ्यापर्यंतचा चढ काढून बसले! चढ चढल्याशिवाय भारा खळ्यावर पोचलेला मी कधी पाहिलाच नाही ना. सरांनी माझी आकृती वर्गाला दाखवली. सगळी पोरं हसली. मराठी शाळेतून आलेल्या मुलींना सायन्स झेपत नाही, वडिलांची सही आण आणि आर्ट्सला जा, असं म्हणून त्यांनी अर्ज हातात दिला.

चूक माझीच होती, गणितात सपाट असं स्वच्छ लिहिलं होतं. पण एका चुकीला शाखा बदलायची, तर वर्गात बाकंच उरतील. मी जाणार नाही. मी रडले, हे अम्माला सांगू नका.

राग आला तरी लोभ कमी करू नये.

तुमची मुनीरा

•

रिहे, ता. १३ नोव्हेंबर १९८१

चि. मुनीराला बाबालालकडून लई लई दुवा. वि. वि.

हितं समदी खुशाल हायेत. आंबेमोहर औंदा चांगला हाय. तुजं पत्र तुज्या अम्माला वाचून दावलं. रडलीस त्ये पण वाचलं, मागनं ध्यानात आलं.

शून्य म्हणल्यावर तिनं विळा खाली टाकला. दिसभर भारं वाहून माजी मान मोडती आन् त्ये शून्य व्हय? असलं शिकवत्यात तर पोरीला घरी आना, म्हणाली. मला जेवाय वाढलं त्ये बी रागानंच.

इलाहीचं बी पत्र आलंय. सर शिकलेलं मानूस हायेत, पोरीनं त्यांच्याशी वाद घालू नये, आर्ट्सला कष्ट कमी, असं त्यो लिवतो. मला बी त्येच बरं वाटतंय. भात घरात आलं की सही करून धाडतो. उगं हट्ट करू नगंस. ह्यो हट्ट तुज्या अम्माकडनं आलाय, माज्याकडं बोट दावू नगं.

जीवाला जप. माया हाय तशीच हाय.

बाबालाल

•

पुणे, ता. १७ नोव्हेंबर १९८१

अब्बांना आणि रागावलेल्या अम्माला मुनीराचा सलाम वि. वि.

सही केलीत तरी अर्ज देणार नाही, हे पहिल्यांदा सांगते. मामूंनाही तोंडावर सांगितलं. दोन दिवस झाले, ते माझ्याशी बोलत नाहीत, मामी मात्र गुपचूप चहा देते.

अम्मा, सरांचं गणित खरं आहे. धरणी भारा खाली ओढते, तू तो आडवा नेतेस. वर चढवलाच नाहीस तर तिच्याविरुद्ध काम झालं नाही, एवढंच पुस्तक म्हणतं. तू दमली नाहीस, असं कुठेच म्हणत नाही. तुझ्या मानेचं दुखणं त्या गणितात धरलेलंच नाही. सरांचं गणित बरोबर आहे, माझ्याबद्दलचं मत साफ चूक आहे. दोन्ही एकाच तोंडातून आलं म्हणून मी दोन्ही का मानू?

त्या धड्यातली उरलेली सगळी गणितं सोडवून मी सरांच्या टेबलावर ठेवली. एकालाही लाल रेघ नाही. तरी विचारतात, अर्ज कुठाय!

अब्बा, सही करण्याआधी एक करा. कुशाबाकाका पायाभरणीला पाण्याची नळी लावून पातळी बघतात, तीच घेऊन आपला चढ सुरू होतो त्या ओढ्यापासून खळ्यापर्यंतची उंची मोजा. भाऱ्याच्या पंचवीस किलोंना नऊ पॉइंट आठने गुणा, मग मीटरमधल्या उंचीने. येईल ते ज्यूल. दोन लिंबं जमिनीवरून कमरेच्या वर उचलली की साधारण एक ज्यूल होतो. ते गणित करून मग ठरवा.

हट्टी असले तरी तुमचीच, तेव्हा लोभ असू द्यावा.

मुनीरा

•

रिहे, ता. २९ नोव्हेंबर १९८१

चि. मुनीराला अब्बाकडून आन् अम्माकडून दुवा. वि. वि.

तुजं पत्र आलं आन् घरात निराळाच घोळ झाला. खाचरापासनं ओढ्यापतूर वाट सपाट हाय. तुजी अम्मा म्हणाली, सपाटीला काम न्हाई असं पोरगी लिवतीया, मंग तेवडं तुमीच न्या. तवापासनं सपाटीचं भारं माज्या डोस्क्यावर. मान अशी धरलीया की तेल लावून बसलोय आन् तिरका होऊन लिवतोय. कुशाबा पोट धरून हसतो.

नळी लावली. चढ बारा मीटर भरला. पाटीवर गुनाकार केला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा दोन हजार नऊशे चाळीस ज्यूल आलं. बरूबर हाय का कळव. अम्माला सांगितलं तर खूश व्हायची सोडून म्हणाली, ह्यो नुसता भाऱ्याचा हिशेब, भाऱ्याखालची मी कुटं धरली? मला काय कुनी उचलून वर नेतंय? आता तिचं वजन घालून पुन्ना करायचंय. तिनं वजन सांगितलं न्हाई, त्ये तूच इचार.

मुनीरा, चौथी सुटल्यावर मी आज पाटीला हात लावला. तीनदा चुकलो असतो तरी पाटी फोडली नसती. मंग तुला एका चुकीवर आर्ट्सला धाडायला मी काय येडा हाय? तू सायन्सलाच ऱ्हा. बारावी बी तितंच कर. इलाहीला तसं येगळं लिवलंय, आन् चांगलं कडक लिवलंय.

अम्मानं यष्टीच्या कंडक्टरकडं तांदूळ आन् मसाला धाडलाय. मसाल्याची पुडी जपून सोड. घरात जाड कागद न्हवता, म्हणून तिनं सरांच्या अर्जात बांधलाय. सरांनी मागितला तर झटकून दे.

दोगांची माया तुज्यावर हाय, आन् आता तुजा लोभ आमच्यावर असू दे.

बाबालाल