अँब्रोजभाऊंच्या कांद्याखाली

प्रिय अँब्रोजभाऊ यांस,

सेथचा नमस्कार. खुब्याचं हाड जुळत असेल, समुद्राची हवा मानवत असेल आणि कांद्याचा घेर सांगून सांगून तुम्ही नर्सबाईंना एव्हाना कंटाळा आणला असेल, अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक आहे. हिल्डा ठीक आहे, तुमचं मांजर ठीक आहे आणि कांद्याचा विषय ओघाने येईलच. (शनिवारचं कांद्यांचं प्रदर्शन आणि तुमचा कप, दोन्ही माझ्या लक्षात आहेत. घाबरू नका.)

तर झालं असं की, तुमच्या गल्लीच्या वरच्या टोकाच्या ओग्डनबाईंच्या नळाला करंगळीएवढीच धार येते. किटली नळाखाली ठेवून त्या चर्चला जाऊन येतात, तरी ती अर्धीच भरलेली असते. शेवटी बाईंनी पाणीखात्याच्या कचेरीत जाऊन साहेबांना फैलावर घेतलं आणि साहेबांनी मला. मी जमिनीखालची गळती ऐकायची माझी काठी घेऊन निघालो. काठीचं एक टोक रस्त्यातल्या व्हॉल्व्हवर, दुसरं कानाला लावून डोळे मिटून उभा राहिलो की येणारा-जाणारा विचारतोच, "काय सेथ, सासूबाई बोलतायत का खालून?" (त्या तुमच्या मातोश्री, म्हणून मी कधी हसत नाही.)

तुमच्या फाटकापाशी असा सणसणीत सूं सूं आवाज आला की मी खडूने फुली मारली आणि माणसं लावून खणायला लागलो. खड्डा ठणठणीत कोरडा. शेजारी दुसरा खणला, तोही कोरडा. साहेब बघायला आले होते. तेवढ्यात हिल्डा बाहेर येऊन म्हणाली, "अहो, दादाच्या वाफ्याला लावलेली नळी सकाळपासून वाहतेय. बंद करू का?" म्हणजे तासभर मी मीच सोडलेलं पाणी ऐकत होतो. साहेबांनी वाकून दोन्ही खड्डे पुन्हा नीट पाहिले.

नळी बंद केल्यावरही बारीकसा आवाज उरलाच. बारीक आहे म्हणजे गळती लांब असणार, असं साहेबांचं मत पडलं. पण चिंब माती आवाज गिळून टाकते, म्हणजे ती अगदी जवळही असू शकते. माग काढत मी तुमच्या वाफ्यापर्यंत पोचलो. गळती बरोबर तुमच्या मोठ्या कांद्याखाली होती. कुंपणापलीकडून सायक्स ओरडला, "जपून रे बाबा! तो मेला तर अँब्रोजही जाईल!" (कायम दुसरा नंबर आला तरी माणूस मनाने चांगला आहे.) भाऊ, मला त्या वेळी खरोखर रडू येत होतं. खालच्या मातीच्या ढेकळासकट कांदा उचलला, बाळंतिणीच्या हातून बाळ घ्यावं तसा. एक ओरखडा नाही. सध्या तो तुमच्या बाथटबमध्ये आहे. नळाला नवा जोड बसवला, माती लोटली, आणि आता ओग्डनबाईंना चर्चला जायची टोपी सापडायच्या आत किटली भरते.

तब्येत सांभाळा. हिल्डाने प्रेम कळवलं आहे.

तुमचा,
सेथ

ता. क. फुटलेल्या जोडावरचा गंज पाहता गळती चार वर्षांची असावी. तुम्ही कप जिंकताय तेही चार वर्षंच. कप शिळी बिअर आणि मेंढीच्या लेंड्यांच्या तुमच्या खताच्या मिश्रणामुळे आला की गळतीमुळे, याबद्दल मी कुणापाशी अवाक्षर काढलेलं नाही, हिल्डापाशीसुद्धा नाही. मात्र शनिवारी तुमच्या वतीने ते मिश्रण सगळ्यांना समजावून सांगायचं काम प्रदर्शनाच्या समितीने माझ्यावर टाकलं आहे. सांगू ना?

आणखी ता. क. काल सहज सायक्सच्या वाफ्याशी काठी टेकवली. तिथेही गळती आहे. तुमच्यापेक्षा थोडी लहान. तुमची आता बंद झाली. त्याची तशीच राहिली तर पुढच्या वर्षी कप कुठे जाईल, हे वेगळं सांगायला नको. कचेरीत कळवावं तर सायक्स पहिलं हेच विचारणार, की कांद्याखाली ऐकायचं तुला सुचलं कसं? काय सांगू, ते उलट टपाली कळवा.