बाबांच्या पायाला बसलेला क्लच

झरी,
२२ जानेवारी

चि. उत्तरास,

अनेक आशीर्वाद. श्रीनिधी शाळेत जाताना कानटोपी घालतो ना? इकडे थंडी अजून आहे. हरभरा छान आलाय.

फोन असताना आई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोन आला की बाबा शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर लावायला सांगतात. मग मी हुरड्याचं बोलते, मांजराच्या पिलांचं बोलते. तू विचारतेस, "बाबा ट्रॅक्टरवर बसायला लागले का?" मी म्हणते, "थंडी कमी होऊ दे."

बाबा मजेत आहेत. काठी घेऊन देवळापर्यंत जाऊन येतात. अर्धांगाच्या त्या झटक्यानंतर बोलणं तर वाढलंच आहे. डावा पाय तेवढा... असो.

आपला लाल ट्रॅक्टर पावसाळ्यापासून शेडमध्येच होता. भुईमुगासाठी रान करायचं होतं. भाड्याने दुसरा आणू म्हटलं की त्यांना राग. योगीराज मिस्त्री क्लचचं पेडल जुळवायला दोनदा आला आणि चहा पिऊन परत गेला. "पेडलला हात लावू नको, ते माझ्या पायाला बसलंय," हे बाबांचं एकच पालुपद.

परवा दुपारी ते झोपलेले पाहून मी गुपचूप शेडमध्ये गेले. पाठीशी उशी घेतली. सिकंदराबादला सिस्टर मोनिका पियानोसमोर मला अशीच उशी देऊन बसवायच्या, तेव्हाही माझा पाय पेडलपर्यंत पोचत नसे. ट्रॅक्टर सुरू केला, गिअर टाकायला गेले, तर असा खर्रर्र आवाज झाला की शेडमधली कबुतरं उडाली.

बाबा काठी टेकत दारात उभे!

"काय करायलीस? गिअरचे दात पाडतीस का समदे? दाब की पुरा, हा तुझ्या सिस्टरबाईंचा पियानो न्हाई."

"अहो, पायच पोचत नाही."

क्लच अगदी तळाशी नेला की आतलं फिरणं थांबवणारा एक छोटा ब्रेक आहे या जुन्या ट्रॅक्टरला. तो लागल्याशिवाय गिअर शांतपणे पडत नाही. बाबांच्या लांब पायाला ते तळाशीच हवं होतं. माझा पाय अर्ध्यातच संपत होता.

त्यांनी जवळ येऊन काठीच्या टोकाने पेडल दाबून पाहिलं. मग म्हणाले, "ते बंद कर आणि पाना आण."

पदर खोचून मी खाली बसले. ते बाजेवरून हुकूम सोडत होते. रॉड जागेवर धरणारा चेकनट ढिला केला, रॉड फिरवला, पेडलची ढील कमी केली. मी घाईत आधी त्या छोट्या ब्रेकलाच पाना लावला, तर ओरडले, "आधी क्लच! क्लच सुटायच्या आधी ब्रेक लागला तर घासून मरंल त्यो." पुन्हा वर बसायला लावलं. "पाय कुठवर जातो बघू दे. अजून दोन आटे."

मग ट्रॅक्टर सुरू करून मी गिअर टाकला.

"टाक की."

"टाकला."

"मला ऐकूच न्हाई आला," ते म्हणाले, आणि लय दिवसांनी हसले.

एक गोष्ट त्यांना सांगितली नव्हती. चेकनट मी हलकाच ठेवला होता. पुढेमागे त्यांच्या पायासाठी परत फिरवायला सोपा जावा, म्हणून. ट्रॅक्टर बंद केल्यावर त्यांनी वाकून त्याला बोट लावून पाहिलं.

"ढिला ठेवलायस."

मी पाना उचलला.

"आवळ. पुरा आवळ."

मी आवळला, उत्तरा.

आता फोनवर बाबा ट्रॅक्टरवर बसले का, ते विचारू नकोस. आईचे नांगराचे तास सरळ पडतात का, ते विचार. साप गेल्यासारखे पडतात, हे बाबा तुला स्पीकरवर मोठ्या हौसेने सांगतील. त्यांना सांगू दे.

बांधावर खुर्ची टाकून बसलेत आणि मघापासून हाका मारायलेत. जाते.

तुझी आई,
आता उशीशिवाय बसणारी