बावन्न वजा सत्तावीस

शनिवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मला शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. मी ठणठणीत आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो.

तू लिहिलंस, "लेक माझ्यासारखीच मठ्ठ निघाली. गणित सोडायच्या अर्जावर सही करू का? तू तज्ज्ञ, तूच सांग." तज्ज्ञ म्हणे!

गणिताच्या शिक्षकांच्या मनात काय घट्ट बसलेलं असतं आणि ते वर्गात कसं उतरतं, हे माझं संशोधन. आधी फॉर्म भरून घ्यायचा, मग मागच्या बाकावर बसून तास बघायचा. परवाच्या बाईंनी 'गणिताचं डोकं उपजतच लागतं' या वाक्यापुढे 'पूर्ण सहमत' अशी खूण केली होती, कागद फाटायचाच बाकी होता. मी मनात म्हटलं, झालं, इथे काय बघायचं!

तिसरीचा वर्ग. फळ्यावर ५२ − २७. एका मुलीने हातचा न घेताच २५ लिहिलं. बाईंनी काट मारायला खडू उचलला आणि थांबल्या.

"कसं केलंस गं?"

"पन्नासातून वीस गेले, तीस राहिले. दोनातून सात जाईनात, पाच कमी पडले. मग ते पाच तिसातून काढले."

बाईंनी ८१ − ४६ दिलं. बरोबर. मग ९३ − ५८. तेही बरोबर. अगं, आठ वर्षांच्या पोरीने, कुणी न शिकवता, स्वतःची वाट काढली होती! माझ्या अंगावर काटा आला. एवढे तास पाहिले, पण इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "बावीस वर्षं शिकवतेय. हे मला कुणी सांगितलंच नाही." मग हळूच, "सांगितलंही असेल एखाद्या पोराने."

त्या दिवशी मला डबा गेला नाही.

ठमे, तू आठ वर्षांची होतीस, मी तेरा. मी तुझा अभ्यास घेत होते. हातचा न घेता तू बरोबर उत्तर लिहिलंस आणि मी म्हटलं, "पुस्तकाच्या मागे बघून लिहिलंस." तू सांगायला लागलीस, "ताई, कमी पडले ना, मग..." मी पाटी पुसली. वर आईला चुगली केली. तू मार खाल्लास आणि त्यानंतर मला कधी काही समजावून सांगितलं नाहीस. मी मात्र जगाला शिकवत फिरते, मुलांचं ऐका म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

हे मला आजच आठवलं असं नाही. कायम आठवत होतं. सांगायला जीभच रेटत नव्हती.

सही करण्याआधी एकदा लेकीजवळ बस. तिचं चुकलेलं गणित घे आणि विचार, "कसं केलंस गं?" मग गप्प राहून ऐक. त्यानंतरही तिला सोडायचं असेल, तर सोडू दे.

आणि तिला सांग, तिच्या आईने बघून लिहिलं नव्हतं.

चाळीस वर्षं उशिरा तुझी पाटी तपासणारी,
ताई