पाटावरचा स्टेथोस्कोप

दसरा, संध्याकाळ

काल एमडीसाठी रेडिओलॉजीची सीट घेतली. बालरोग मिळत होतं, मला तेच हवं होतं. पण नोकऱ्या इकडे आहेत, असं सगळे म्हणतात. शेवटी मीही तेच म्हणाले. वाईट वाटतंय का? काहीच वाटत नाही.

आज आईने दरवर्षीसारखा माझा स्टेथोस्कोप पूजेच्या पाटावर मांडला, बाबांच्या तांबटकामाच्या हातोडीशेजारी. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला.

"आई, आता तो फारसा लागणार नाही. मी मशीनवरचे फोटो बघणार."

बाबा म्हणाले, "मग पुढच्या वर्षी मशीन आण. पाट मोठा करून घेतो."

हसले मी. हसायला हवं होतं म्हणून.

उद्या सकाळी बाबा हातोडी उचलून कामाला लागतील. स्टेथोस्कोप मी कशासाठी उचलायचा?