मागच्या सीटवरची फोक

पुंडलिकनगर, औरंगाबाद
३० जानेवारी १९९४, रविवार

तीर्थरूप मल्हारमामांच्या पायांशी भाचा त्रिंबक याचा शिरसाष्टांग नमस्कार. (अडीच वर्षांपूर्वीच्या पत्रात मी नुसता 'नमस्कार' लिहिला होता आणि तुम्ही ते पत्र पोस्टमनच्या हातातच ठेवून परत पाठवलंत. म्हणून या वेळी पालथा पडूनच सुरुवात केली आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? बानाबाई मामींचा खोकला थांबला का? तुमच्या फर्दापूरच्या चहाच्या हॉटेलाची खुशाली आम्हाला एस.टी.च्या ड्रायव्हरकडून बरोबर मिळते. लेणी बघायला आलेल्या एका गोऱ्या पाहुण्याला बशीतून चहा पिता येईना, तर तुम्ही त्याला तीन वेळा चहा ओतून देऊन शिकवलंत, बशी धरायच्या बोटांवर चमचा मारलात, आणि चौथ्या वेळी जमलं तेव्हा 'हं' म्हणालात. तो 'हं' मला सगळ्या आयुष्यात दोनदा मिळालेला आहे. पाहुणा लई नशिबाचा.

पत्र लिहिण्यास कारण की, खास कारण काही नाही. पडेगावच्या माळावरचा आपला ग्लायडरचा क्लब तुमच्यावाचून झकास चालला आहे, एवढंच कळवायचं होतं. तुम्ही गेल्यापासून मागच्या सीटवर बद्रीनाथ सर बसतात. विद्यापीठात कारकून आहेत, तुमच्याच हाताखाली तयार झालेले, पण तुमचा एकही गुण त्यांनी उचललेला नाही (वाईट अर्थानं घेऊ नका). तुमच्या वेळी शिकणारा पुढं बसायचा आणि मागून तुमची ती निंबाची फोक यायची. डावा पंख पडला की डाव्या कानावर, उजवा पडला की उजव्या कानावर, वेग कमी झाला की टाळूवर. इंजिन नसलेलं विमान, वाऱ्याशिवाय आवाज नाही, त्यामुळं फोक सपकन वाजली की ती खाली विमान वर खेचायच्या विंचवर दोर ओढत बसलेल्या साहेबरावांना ऐकू जायची म्हणे. (साहेबराव आता दोन्ही कानांनी अर्धे आहेत, तरी हे अजून सांगतात.) मेंढरं राखणारा माणूस हवाई दलात गेला, मेकॅनिक झाला, परत येऊन लोकांना उडायला शिकवू लागला, पण कळपामागची काठी काही हातची सुटली नाही, असं लोक बोलायचे. मी बोलत नव्हतो. मी जवळ उभा असायचो, एवढंच.

बद्रीनाथ सर म्हणजे लोण्याचा गोळा. सगळ्यांना 'राव' म्हणतात. विंच सुरू करा हे साहेबरावांना सांगतानाही 'जमेल का आत्ता' असं विचारतात. त्यांच्यासोबत माझी चौऱ्याऐंशी उड्डाणं झाली आणि चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी 'छान' झाली. एकदा मी इतका हळू गेलो की विमान आता आपटतंय का मग आपटतंय अशी गत झाली, तेव्हाही मागून आवाज आला, 'छान त्रिंबकराव, फक्त जमिनीकडं जरा लक्ष असू द्या.' असा माणूस कुणाला आवडणार नाही? मलाही आवडतो. फक्त एवढंच की मला एकट्याला सोडा असं म्हटलं की ते म्हणायचे, सोडू की, घाई काय आहे. 'नाही' म्हणणं त्यांच्या जिवावर येतं आणि 'जा' म्हणणंही. तुम्ही तरी तोंडावर 'कच्चा आहेस' म्हणायचात, निदान आपण कुठं आहोत ते कळायचं. सात वर्षं झाली मामा. वाळूजला मी कंपनीत फिटर म्हणून लागलो तेव्हा आजूबाजूला कुसळी गवत होतं, आता रांगेनं कारखाने उभे आहेत. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं सुपरवायझर झाली. आणि मी अजून कुणाला तरी मागं बसवूनच उडतो. कॅन्टीनमध्ये कुणी विचारलं, एकट्यानं उडालास का रे, की मी जेवणाचा डबा बंद करून उठायचो.

आता डिसेंबरातली गंमत सांगतो, हसू नका. (हसा. तुम्ही हसलात असं ड्रायव्हरनं सांगितलं तर मला बरंच वाटेल.) मी आणि सर उतरायला येत होतो, आणि बघतो तर पट्टीवर आईची मेंढरं. आई म्हणजे तुमची थोरली बहीण म्हाळसाबाई, तिला किती सांगितलं की रविवारी मेंढरं इकडं आणू नको, तर म्हणते गवत काय तुझ्या सरकारनं पेरलंय? तर मी खिडकीची झडप सरकवली आणि तोंड लावून हाळी दिली. तुम्ही आम्हाला लहानपणी दोन हाळ्या शिकवल्या होत्या, एक कळप हुसकायची आणि एक गोळा करायची. घाबरलेल्या माणसाच्या तोंडातून कोणती यावी? गोळा करायची आली. साठच्या साठ मेंढरांनी माना वर केल्या, धावत आली, आणि जिथं मला चाक टेकवायचं होतं बरोबर तिथं घोळका करून वर बघत उभी राहिली. दोन तर बसली. मागून सर म्हणाले, 'त्रिंबकराव, मला असं वाटतं, म्हणजे तुम्हाला योग्य वाटत असेल तर, आपण किंचित डावीकडं...' ते 'डावीकडं'पर्यंत पोचले तोवर मी घाबरून उजवीकडं गेलो होतो आणि आम्ही कडुबा पाटलाच्या ज्वारीत होतो. ज्वारी डोक्याएवढी, कणसात आलेली. विमानाला ओरखडा नाही, आम्हाला ओरखडा नाही, पण ज्वारीत एक रस्ता तयार झाला. सर खाली उतरले आणि आधी ज्वारीच्या एका मोडलेल्या ताटाला हात लावून 'माफ करा' म्हणाले, मी माझ्या कानांनी ऐकलं. कडुबा आला तो शिव्या देतच आला, पण सरांचं तोंड बघून त्याच्या शिव्या आटल्या. भरपाई म्हणून त्यानं एवढंच मागितलं की ज्वारी निघाल्यावर आईनं आठ दिवस मेंढरं त्याच्या रानात बसवावीत, खताला. आई कबूल झाली. मला मात्र त्या आठवड्यात तिनं ताजी भाकरी वाढली नाही.

हे मी सरांची तक्रार म्हणून लिहीत नाही. पण त्या दिवशी घरी येऊन मी हिशोब केला, की जमिनीपासून शंभर फुटांवर माणसाकडं एका शब्दापुरता वेळ असतो. तुमचा शब्द तेवढाच असायचा. 'डावा!' आणि फोक. आणि दुसरी एक गोष्ट मनातून जात नाही. ती मेंढरं माझ्यासाठी नाही धावली मामा. ती हाळी तुमची आहे. अडीच वर्षांनी कानावर आली म्हणून धावली, आणि वर बघत उभी राहिली ती तुम्हालाच शोधत होती. मला त्यांचा राग यायला पाहिजे होता, तो आला नाही.

असो. मग जानेवारी आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, हे तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. गावात बंदोबस्त होता, चौकाचौकात पोलीस, म्हणून क्लब दहा दिवस बंद होता. बद्रीनाथ सरांचं तुम्हाला ठाऊकच आहे. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या सत्याग्रहात जाऊन तुरुंगात बसून आले, आणि त्यापायी गावाकडं थोरल्या भावानं बोलणं टाकलं. घरची एवढी शेतीवाडी, पण सोळा वर्षांत हे गावात गेले नाहीत आणि भाऊ इकडं आला नाही. चौदा तारखेला सर दिवसभर विद्यापीठाच्या गेटसमोर गर्दीत उभे होते, असं त्यांच्या मिसेसनी सांगितलं. पुढच्याच्या पुढच्या रविवारी, तेवीस तारखेला, पेढे घेऊन माळावर आले. साहेबरावांना दिला, आईला दिला, एक पेढा विमानाच्या नाकाला लावला. मग माझ्याजवळ बसले आणि म्हणाले की काल भावाला पत्र टाकलं. सोळा वर्षं दोघंही वाट बघत होतो की आधी समोरच्यानं लिहावं. उत्तर येईल न येईल, पण टाकलं. मी पेढा खात होतो. मग एकदम उठले आणि मला म्हणाले, 'जा.' त्यात राव नाही, जमेल का नाही, काही नाही. मागच्या सीटवर वाकून त्यांनी रिकाम्या सीटचे पट्टे स्वतःच्या हातानं बांधले, सुटे राहू नयेत म्हणून, आणि बाजूला झाले.

मामा, मी एकटा उडालो. मागं माणूस नाही म्हणून विमान हलकं, दोर सुटला तो कधी नव्हे इतक्या उंचीवर. दौलताबादचा किल्ला दिसत होता, तिकडं वाळूजचा धूर दिसत होता, खाली आई दोन्ही हात डोळ्यांवर धरून उभी होती. आणि किती शांत, काय सांगू. सात वर्षं ज्या शांततेसाठी तडफडलो ती मिळाली आणि मला ती सोसेना. म्हणून मी मोठ्यानं बोलायला लागलो. 'वेग बघ, बैला. नाक कुठं चाललंय? मेंढरासारखा वळतोस का माणसासारखा?' सगळं तुमच्या आवाजात. उतरताना पट्टी समोर आली तेव्हा माझी मान आपोआप बाजूला झाली, फोक चुकवायला. फोक आली नाही. मी टेकलो, थांबलो, सर धावत आले आणि म्हणाले, 'छान.' मी विचारलं, काय चुकलं? म्हणाले, छान होतं. मी विमानातच बसून रडलो, आणि सगळ्यांना वाटलं आनंदानं रडतोय.

तर असा सगळा आनंद आहे. तुम्ही काळजी करू नये. यायची गरज नाही. हॉटेल सोडून उगाच हाल कशाला. मामींना नमस्कार.

आपला
त्रिंबक

ता.क. सोबत आईनं तिळगूळ दिला आहे. संक्रांत होऊन गेली, पण तिनं तुमचा वाटा डब्यात वेगळा काढून ठेवला होता, दरवर्षी ठेवते. त्याबरोबर 'गोड बोला' असं लिहायची रीत आहे, मी लिहीत नाही. तुम्ही जसं बोलता तसंच बोला.

ता.क. २. तुमच्या वेळेपासून रीत आहे, एकट्यानं उडून आलेल्याच्या कपाळाला गुरूनं भंडारा लावायचा. आई लावायला आली होती, मी तिला थांबवलं. आठ दिवस झाले, कपाळ कोरडं आहे.

ता.क. ३. तुमची फोक बंद करा म्हणून कमिटीला जो अर्ज गेला होता, ज्यावरून तुम्ही क्लब सोडलात, त्यावर पाच सह्या होत्या. पाचवी वाचता येत नव्हती. ती माझी. मुद्दाम तशी केली होती. फोकेचा राग नव्हता मामा, तुम्ही चारचौघांत 'भाचा असून सगळ्यात कच्चा' म्हणालात त्याचा होता. क्लबच्या मागच्या निंबाला एक सरळ फोक मी हेरून ठेवली आहे, तोडली नाही. तुम्ही या आणि माझं काय चुकलं ते सांगा.

(खालचा मजकूर वेगळ्या अक्षरात)

मा. मल्हारराव गुरुजी, सा. न. त्रिंबकरावांनी पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलं आणि पाकीट उघडंच होतं, म्हणून वाचलं, क्षमा असावी. उतरताना त्यांची मान कलली तसा डावा पंखही कलला, जमिनीपासून चार फुटांवर. थोडक्यात निभावलं. माझ्याच्यानं त्यांना ते सांगवलं नाही. दुसरं असं की, पाचवी सही त्यांची आहे हे तुम्ही अर्ज वाचताक्षणी ओळखलंत, आणि जाताना मला बजावलंत की पोराला कळू देऊ नको, त्याला लागेल. अडीच वर्षं मी कळू दिलेलं नाही. या दोन्ही गोष्टी त्यांना कुणीतरी सांगायला हव्यात आणि माझ्या जिभेला त्या जमत नाहीत. येत्या रविवारी सकाळी मागची सीट रिकामी ठेवतो. पट्टे सोडून ठेवतो.
— बद्रीनाथ